मासोळीची कावीळ

...आणि वर मलाच विचारतात, 'मधुकरराव, एवढ्याशा माशाचं काय मनाला लावून घेता?' अहो, कोण लावून घेतंय? तुम्हाला सांगतो, मला काही वाटत नाही. नोकरी संपली तेव्हा वाटलं नाही, बायको गेली, मीना, तेव्हा वाटलं नाही, तर दीड इंचाच्या मासोळीचं काय वाटणार आहे?

मुळात मासे माझे नाहीतच. मुलगी आमची, क्षिप्रा, आईचं सगळं उरकून बेंगळुरूला परत जाताना कोपरखैरण्याच्या घरात काचेची टाकी मांडून गेली... 'बाबा, घरात काहीतरी हलतं असू दे.' पंखा हलतो की, म्हटलं. पण नाही. अपिस्टोग्रामाची जोडी आणली, ॲमेझॉन नदीकडचे बुटके मासे, माशापेक्षा नाव लांब! नर बोटभर, शेपटीला शेंदरी काठ, नुसता मिरवणार. मादी करडी, त्याच्या निम्मी. तिकडे म्हणे ओढ्यातल्या कुजक्या पानांत राहतात, म्हणून मी सोसायटीच्या बदामाची वाळकी पानं वेचतोय आणि वॉचमन बघतोय, साहेबांचं आता काही खरं नाही. टाकीत एक उपडी करवंटी, घर म्हणून. मी आपलं रोज चिमूटभर खाणं टाकतो. मला काही वाटत नाही.

तर एका सकाळी बघतो, मादी पिवळी. पिवळी म्हणजे किती... हळदीसारखी! खात नाही, करवंटीच्या तोंडाशी बसून राहते, नवरा जवळ आला की अंगावर धावून जाते. मी खिडकीचा पडदा सारून पुन्हा बघितलं. कारण मीनाचे डोळे पिवळे दिसायला लागले ना, तेव्हा मी म्हणालो होतो, 'ट्यूबलाइटमुळे वाटत असेल.' तीन आठवडे तेच म्हणत होतो. ट्यूबलाइट बदललीसुद्धा.

या वेळी तीन मिनिटं थांबलो नाही. शेजारच्या शुभदावहिनींना हाक मारली. त्या चष्मा लावून म्हणाल्या, 'कावीळच हो ही. आधी वेगळी काढा, त्याला लागेल.' काढली. स्टीलच्या डब्यात. दिवसभर बिचारी डब्याला धडका देतेय आणि मी म्हणतोय, पड जरा, बरं वाटेल.

संध्याकाळी माशांच्या दुकानात गेलो. तिथला केतन टाकीचा आणि डब्यातल्या मादीचा फोटो बघून म्हणतो, 'काका, कावीळ नाय ती. अंडी घातलीत तिने. अंडी राखताना अशाच पिवळ्या होतात. करवंटीत वरच्या बाजूला बघा, लाल दाणे चिकटलेले असतील. नराला पण हाकलते, तो खाईल म्हणून...' आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, 'काका, नराला आत नाय ना ठेवला?'

घरी येऊन करवंटी उचलली. आतून लख्ख. नर कोपऱ्यात, पोट टम्म फुगलेलं, जेवून वामकुक्षी घ्यावी तसा... तुम्हाला सांगतो, मला काही वाटलं नाही. मी फक्त खाली फरशीवर बसलो, करवंटी हातात घेऊन, आणि बराच वेळ उठायचं राहूनच गेलं.

मग करवंटी ठेवली, मादीला परत सोडलं. ती सरळ करवंटीत. तिथे काही नाही, तरी दोन दिवस परांनी वारा घालत होती, नवऱ्याला हाकलत होती. मग हळूहळू रंग उतरला. पुन्हा करडी.

काल वहिनी आल्या, टाकीत वाकून बघितलं. 'उतरली की हो कावीळ. बघा मधुकरराव, या वेळी वेळेवर लक्ष दिलंत.'

हो म्हटलं. चहा घेता का विचारलं.