एकशे बारा किलो

क्लिफर्ड : नाही हिरूकाका. चौथ्यांदा सांगतोय, या सायकलला कॅरिअर लागत नाही.

हिरामण : लावलास तर लागेल.

क्लिफर्ड : हेमांगी, आता तूच सांग तुझ्या बाबांना. अकरा वाजता आलात तुम्ही. मी अजून चहा घेतला नाही.

हेमांगी : मी काय सांगू? मला वाटलं, एकसष्टी झाली, मुलांनी साठ हजार हातात ठेवले, तर माणूस टीव्ही घेईल, नाहीतर आईला घेऊन कुठेतरी फिरून येईल. बाबा म्हणतो, सायकल. म्हटलं बरं, उमेळ्याहून केळीच्या वाडीवर जायची जुनी झाली असेल. तर म्हणे तसली नको, दोन्हीकडे स्प्रिंगवाली.

हिरामण : फुल सस्पेंशन.

हेमांगी : ऐकलंस? शब्द पाठ करून आलाय.

क्लिफर्ड : काका, इथे बसा. मी तुम्हाला नीट समजावतो. या सायकली डोंगरासाठी असतात. तुंगारेश्वरला रविवारी मुलं जातात, दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून उतरतात, त्यांच्यासाठी. चांगली नवी घ्यायची तर दीड लाखाच्या पुढे. साठ हजारांच्या आत जी नवी मिळते ती मी दुकानात ठेवतच नाही. एकोणीस किलोचं धूड, पायडल मारलं की बेडकासारखी उड्या मारते, आणि एका पावसाळ्यात मागचे सगळे सांधे खिळखिळे. त्यापेक्षा ही बघा. पुढे सस्पेंशन, मागे सरळ फ्रेम. हलकी आहे, ब्रेक चांगले आहेत. त्रेपन्न हजार. तुमच्या पैशात याहून चांगली सायकल वसईत कोणी देणार नाही.

हिरामण : मागे सरळ नको.

क्लिफर्ड : पण का?

हिरामण : दणका बसतो.

क्लिफर्ड : कोणाला बसतो? तुम्ही सीटवर असणार. सीट जाड लावून देतो, जेलची.

हिरामण : सीटचं काही नाही रे. मागे.

हेमांगी : बाबा, मागे म्हणजे कुठे? तुझ्या मागे चाकाशिवाय आहे काय?

हिरामण : बाय, तू मध्ये बोलू नको. तुला सायकलमधलं कळत नाही.

हेमांगी : मला सायकलमधलं कळत नाही, तुझ्यातलं कळतं. क्लिफर्ड, मी सुट्टी टाकून इथे का उभी आहे माहितीये? मागे माझ्या भावाने, मितेशने, याला घड्याळासाठी पैसे पाठवले. हा मिक्सर घेऊन आला. मी शर्ट-पँटसाठी दिले, तर विहिरीच्या पंपाला नवा पाइप. म्हणून या वेळी मी आणि मितेशने याच्याकडून लिहून घेतलंय. कागदावर, सही करून. पैसे फक्त स्वतःवर खर्च करायचे. आईवर नाही, नातवंडांवर नाही, वाडीवर नाही.

हिरामण : सायकल मीच चालवणार आहे. माझ्यावरच झाला की खर्च.

हेमांगी : मग यात एवढं घासाघीस करण्यासारखं काय आहे? तो त्रेपन्न हजारांची देतोय ना?

हिरामण : मागे सरळ आहे ती.

क्लिफर्ड : जिझस. हे बघा काका, एक आहे. माझी इच्छा नव्हती दाखवायची, पण आहे. एव्हरशाईन सिटीतला एक मुलगा कॅनडाला गेला, जाताना माझ्याकडे ठेवून गेला. वापरलेली आहे, पण खरी. सर्व्हिसिंग मीच करायचो. अठ्ठावन्न सांगितलेत त्याने.

हिरामण : हीच. अशीच एक उमेळ्याच्या रस्त्यावर बघितली होती मी. पाइपसाठी खणून ठेवलंय ना, त्या खड्ड्यांतून एक मुलगा गेला. मागचं चाक वरखाली, वरखाली, आणि मुलगा जागच्या जागी. कपाळावरचा केससुद्धा हलला नाही. बाय, जरा मागे बसून बघ.

हेमांगी : कुठे?

हिरामण : कॅरिअर लावल्यावर जिथे असेल तिथे.

हेमांगी : हवेत?

क्लिफर्ड : कॅरिअरचं नंतर बघू, काका. आधी तुम्ही बसा. थांबा, शॉकमध्ये हवा भरतो. हा मागचा शॉक बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायचा असतो. कमी भरली तर खाली टेकतो, जास्त भरली तर हलत नाही. वजन किती तुमचं?

हिरामण : एकशे बारा.

क्लिफर्ड : किती?

हिरामण : एकशे बारा किलो. काट्यावर केलंय.

हेमांगी : कुठल्या काट्यावर?

हिरामण : आपल्याच. केळी तोलतो त्या.

क्लिफर्ड : काका, तुम्ही डॅडींकडे पंक्चर काढायला यायचात तेव्हापासून बघतोय मी तुम्हाला. अंगातल्या या शर्टात अजून एक हिरूकाका मावेल.

हिरामण : तू हवा भर. तुला विचारलं वजन, मी सांगितलं.

हेमांगी : फोन वाजतोय तुझा, बाबा. आईचा असेल.

हिरामण : हॅलो... हं... दुकानात... कसलं म्हणजे, सायकलचं. क्लिफर्डच्या... नाही, काही घेत नाही, बघतोय... हेमांगी आहे ना... तू बसली आहेस ना?... मग उशी घे खाली. ती गोल... पलंगाखाली असेल... हं. सकाळी चार घड काढले मी. विहिरीकडचे... नाही, तू विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं... बरं. ठेवतो.

क्लिफर्ड : भरली हवा. एकशे बाराची. या, बसा. पाय इकडे. मी धरलीय, घाबरू नका. आता सीटवर जोर द्या.

हिरामण : दिला.

क्लिफर्ड : अजून द्या. उडी मारल्यासारखं करा.

हिरामण : केलं.

क्लिफर्ड : बघ हेमांगी. एक सूतसुद्धा दबला नाही. लाकडावर बसल्यासारखं. आता थोडी थोडी हवा सोडतो... ऐंशी... सत्तर... साठ... आता हलला. पंचावन्न... बावन्न... झालं. हा बरोबर आहे. काका, तुम्ही बावन्न किलोच्या वर नाही. मला काट्याची गरज नाही.

हेमांगी : बाबा, तो काटा बिघडला असेल तर दहा वीस किलोने बिघडेल. दुप्पट कसा बिघडेल?

हिरामण : काटा चांगला आहे.

हेमांगी : मग उरलेले साठ किलो कोणाचे?

(हिरामण सायकलवरून उतरला नाही. ब्रेक दाबत, सोडत बसून राहिला. हेमांगीला लहानपणची सकाळ आठवली: बाबाची काळी सायकल, कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, मांडीवर पाटी, आणि दोघं बांधाच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ऐकू येणारा आईचा आवाज. आई जी बोलायला सुरुवात करायची ती वाडी येईपर्यंत.)

हिरामण : तुझ्या आईचे.

क्लिफर्ड : काकी मागे बसणार? या सायकलवर?

हिरामण : अडतीस वर्षं बसली. गणपतीच्या आधी त्या खणलेल्या रस्त्यात चाक गेलं, आणि ती पडली. एका बाजूला बसलेली असते ना, धरायला काही नसतं. माकडहाड मोडलं. चालवत मी होतो.

हेमांगी : ते भरलंय, बाबा. डॉक्टर म्हणाले ना भरलंय म्हणून.

हिरामण : भरलं. पण दणका नको म्हणाले.

हेमांगी : म्हणून मी रिक्षा लावून देते म्हटलं होतं.

हिरामण : रिक्षा नाक्यावर सोडते. पुढे पाऊण किलोमीटर बांध. तेवढं चालवत नाही तिला. मितेशची स्कूटर त्या बांधावरून नेली होती एकदा, आठवतंय ना कुठे गेली?

हेमांगी : पाटात.

हिरामण : पाटात. सायकल जाते.

हेमांगी : तू हे घरी का नाही सांगितलंस? मी काय, आईच्या नावावर पैसे खर्च झाले तर तुला कोर्टात खेचणार होते?

हिरामण : सही घेतलीस तू. आईवर नाही, असं तूच लिहिलंस. आईवर हा शब्द पहिला आहे त्यात.

हेमांगी : अरे देवा. ते मिक्सरसाठी लिहिलं होतं रे.

हिरामण : मला काय माहीत कशासाठी. लिहिलंय ते लिहिलंय.

क्लिफर्ड : काका, आता ऐका. मला आवडत नाहीये हे सांगायला, पण अठ्ठावन्न हजार घेऊन गप्प बसलो तर डॅडी वरून येऊन कानाखाली मारतील. इकडे बघा. शॉक कुठे आहे? चाक आणि सीट यांच्या मधे. चाक उडालं तर शॉक दबतो, सीट शांत राहते. बरोबर? आता कॅरिअर समजा मी वेल्डिंग करून लावलाच, तर तो या मागच्या दांड्यांवर येणार. हे दांडे चाकाबरोबर उडतात. सगळं सुख चालवणाऱ्याला. मागे बसलेल्याला चाकाचा प्रत्येक दणका थेट.

हिरामण : म्हणजे मी जागच्या जागी...

क्लिफर्ड : आणि काकी वरखाली.

हिरामण : दीड लाखाच्या सायकलीत पण?

क्लिफर्ड : पाच लाखांच्या पण. ही एका माणसासाठीच बनवतात, काका.

हिरामण : हे तू अकरा वाजता का नाही सांगितलंस?

क्लिफर्ड : मागे काकी बसणार हे तुम्ही कुठे सांगितलंत? आत्तापर्यंत तुम्ही एकटेच एकशे बारा किलोचे होता.

हेमांगी : बाबा, उतर आता. पाणी घे. अरे, कशाला एवढं मनाला लावून घेतोस? आई घरी आहे, बरी आहे. तू रोज वाडीवरून आलास की सांगतोसच ना तिला सगळं?

हिरामण : सांगतो. आधी विचारायची. आज कुठपर्यंत तोडलंस, राजेळीला घड किती, शेजारच्याने कुंपण सरकवलं का. चिडायची, असं कसं केलंस म्हणायची. मग मला दुसऱ्या दिवशी ते निस्तरावं लागायचं.

हेमांगी : मग?

हिरामण : या महिन्यात विचारत नाही. मी आपणहून सांगतो, तर हं म्हणते.

क्लिफर्ड : काका, ती काळी सायकल आहे अजून?

हिरामण : बाहेर लावलीय. तिच्यावरच आलो.

हेमांगी : मी रिक्षाने आले. याला म्हटलं सोबत बस, तर नाही.

क्लिफर्ड : कॅरिअरला हात लावून बघतो... हं. हा जाडा आहे, जुन्या लोखंडाचा. ऐका. डॅडींच्या वेळच्या दोन सीट माळ्यावर पडून आहेत. चामड्याच्या, खाली एवढ्या जाड स्प्रिंगा. दूधवाल्यांच्या सायकलींना लावायचे ते. एक सीट या कॅरिअरवर बसवतो, खालून पट्टी वेल्ड करून. स्प्रिंग थेट काकींच्या खाली येईल, बघा, चाकाच्या नव्हे, काकींच्या. पाय ठेवायला दोन्हीकडे दांडी. मागचा टायर बसेल तेवढा जाड. मग मात्र एकशे बारा किलो मला उपयोगी पडतील.

हिरामण : दणका नाही बसणार?

क्लिफर्ड : बसेल थोडा. खोटं नाही बोलत. पण पाटावर बसल्यासारखा नाही, पलंगावर बसल्यासारखा. आणि डॉक्टरांना आधी विचारायचं, आणि तुम्ही त्या पाइपच्या खड्ड्यांजवळ उतरून सायकल हातात धरून चालायचं. हे कबूल असेल तरच करून देतो.

हिरामण : किती घेशील?

क्लिफर्ड : अडीच हजार. सीटचे काही नाही. त्या डॅडींच्या आहेत.

हेमांगी : एकसष्टीच्या साठ हजारांतून अडीच हजार. मितेशला काय सांगू मी आता? बाबांनी स्वतःसाठी काय घेतलं, तर आईसाठी सीट?

हिरामण : उरलेल्यात बांधावर मुरूम टाकता येईल. चाक रुतणार नाही.

हेमांगी : वाडीवर नाही, हेही लिहिलंय त्यात.

हिरामण : बांध वाडीबाहेर आहे.

हेमांगी : बाबा, खरंच, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. आणि एवढं सगळं करतोयस, ते आईला विचारलंस का? तिला यायचंय का परत?

हिरामण : नाही विचारलं.

हेमांगी : का?

हिरामण : नको म्हणाली असती तर?

हेमांगी : दे तो फोन इकडे... हॅलो, आई. मी बोलतेय. एक सांग, तुझं वजन किती?... नाही, काही झालेलं नाही... अगं सांग तर... हं... कधी?... मग तू बोलली का नाहीस?... हं. बरं. सांगते त्याला.

हिरामण : काय म्हणाली?

हेमांगी : म्हणाली, बायकोला केळ्यांच्या काट्यावर उभी करून, काटा बरोबर आहे का बघतोय म्हणणारा माणूस तिने अडतीस वर्षांत पहिल्यांदा बघितला. कशासाठी ते तू सांगशील म्हणून आठ दिवस गप्प बसलीय.

हिरामण : आणि?

हेमांगी : आणि क्लिफर्डला सांग म्हणाली, पुढे धरायला काहीतरी लाव. या वेळी ती दोन्हीकडे पाय टाकून बसणार आहे.