बोरीनच्या ताटाखालचा दगड

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि गाईड संघाचे प्रमुख श्री. तेप वीरया साहेब, आशीर्वाद द्यायला बसलेले आमच्या विहाराचे पूज्य भन्ते, देवळांच्या डागडुजीचं खातं सांभाळणारे प्रमुख पाहुणे श्री. ओउक पिसेत साहेब, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते सत्कारमूर्ती मेआस बोरीन, सिएम रीप शहरातून आलेले गाईड नि गाडीवाले, आणि चटईवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या गाववाल्यांनो,

हं. एवढं बिनचूक झालं. हे संघाच्या सचिवबाईंनी माझ्याकडून तीन दिवस पाठ करून घेतलंय. पुढचं माझं आहे, ते कुणी तपासलेलं नाही. मी विहारात दोन पावसाळे शिकले, तेही माझा भाऊ घरी रडायचा म्हणून सुटलं. त्यामुळे मोठे शब्द ऐकायचे असतील तर वीरया साहेबांचं भाषण अजून व्हायचंय, तोवर थोडं सोसा.

मला सगळे आजी थोन म्हणतात. आंबेतळ्याच्या देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर, चिंचेखाली, माझी चूल आहे. तांदळाच्या शेवया नि माशाचं हिरवं कालवण, दुसरं काही मी करत नाही. दुसरं काही मागितलं तर मी ऐकत नाही. बोरीननं सव्वीस वर्षं देवळं दाखवली. त्याची सहल तीन दिवसांची. पहिल्या दिवशी मोठं देऊळ, दुसऱ्या दिवशी दगडी चेहऱ्यांचं नि झाडांनी गिळलेलं, तिसऱ्या दिवशी आमचं आंबेतळ्याचं, आणि मग माझ्याकडे जेवण. पाहुणे बदलत, तो बदलत नसे. चुलीच्या डावीकडे, घराच्या भिंतीला लागून एक दगड, त्यावर फळी टाकलेली. तिथंच त्याचं ताट.

आता त्याचे गुण सांगायला हवेत, नाही का? सत्कार आहे. तर ऐका. बोरीनला वेळेचं भान नाही. मासा आवडतो, पण काटे काढून द्यावे लागतात, साठीला आलेल्या माणसाला! पाहुण्यांसमोर राजांची नावं घडाघडा म्हणतो आणि स्वतःची टोपी माझ्याकडे विसरतो. टोप्यांचा ढीग आहे माझ्याकडे, आज सगळ्या आणल्यात, घेऊन जा बाबा. आता गुडघे गेले म्हणून लेकाकडे कामपोतला चाललाय, समुद्राकाठी. रविवारी गाडी आहे. समुद्राकाठी पायऱ्या नसतात म्हणे. बरं आहे.

मागच्या महिन्यात तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आजी, माझी शेवटची सहल आहे. तुम्ही यायचं."

म्हटलं, "चुलीपाशी कोण बसेल? तुझा राजा?"

"तीन दिवस लोक उपाशी राहतील, मरणार नाहीत. सत्त्याहत्तर वर्षं देवळांच्या दारात राहिलात, आत काय आहे ते तरी बघा."

"दगड आहेत. मला माहीत आहे."

"बघा तरी."

गेले. गाडीत मागची जागा दिली, पुढे आठ परदेशी. त्यांच्या गळ्यात फोटोचं तिकीट लटकवलेलं. मी माझं मागितलं तर बोरीन म्हणाला, "आपल्या ख्मेर माणसाला तिकीट नाही, आजी. ते परदेशी लोकांना." म्हणजे इतकी वर्षं फुकट होतं आणि मोठं देऊळ मी एकदाही बघितलं नाही! मग मी हट्टच धरला, तेव्हा त्यानं स्वतःचा गाईडचा बिल्ला माझ्या गळ्यात घातला. झालं. एक उंच डच बाई सगळे प्रश्न मलाच विचारायला लागली.

मोठ्या देवळाच्या पायऱ्या तुम्हाला ठाऊक आहेत. हातापायांवर चढावं लागतं. मी खालीच बसले आणि विचारलं, "वर पाणी कोण नेत होतं?" बोरीननं ते पाहुण्यांना सांगितलं. म्हणे सव्वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी चेहऱ्यांच्या देवळात भिंतीवर कोरलेला स्वयंपाक बघितला. चूल माझ्यासारखीच, तीन टोकांची, बाई पुढ्यात बसलेली. मी म्हटलं, हिचं पातेलं फार भरलंय, उतू जाणार. पाहुणे हसले. पण मी बराच वेळ तिथं उभी होते. इतकी शतकं ती बाई चुलीसमोर बसली आहे आणि तिच्या नवऱ्याचा भिंतीवर पत्ता नाही.

मला तिसऱ्या दिवसाबद्दल बोलायचंय. बाकीचं सगळं तिथवर यायला वेळ लागावा म्हणून बोलले.

आंबेतळ्याच्या देवळात मी अकरा वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. चुलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वेच्या भिंतीवर देवी आहेत, रांगेनं. पाचव्या देवीला तोंड नाही. नाकाच्या खालपासून गळ्यापर्यंतचा दगडच नाही, चौकोनी भोक. बोरीन तिथं पाहुण्यांना उभं करतो आणि सांगतो: हे देऊळ एकदा डागडुजीसाठी दगड दगड करून उतरवलं होतं. प्रत्येक दगडाच्या मागे रंगानं आकडा घातला, परत तसाच रचता यावा म्हणून. मग लढाई आली, आकड्यांच्या वह्या जळाल्या. हजारो दगड गवतात पडून राहिले. पुढे कितीतरी वर्षांनी पिसेत साहेबांच्या लोकांनी एकेक दगड जुळवून भिंत उभी केली. एक दगड तेवढा सापडला नाही.

वर्षानुवर्षं हेच सांगत आलाय. त्या दिवशीही सांगितलं. मी त्याच्या मागे उभी होते, त्याचाच बिल्ला गळ्यात घालून.

डच बाईनं काहीतरी विचारलं. बोरीन माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजी, ही विचारते, असा दगड नेईल तरी कोण?"

म्हटलं, "सांग तिला, ज्याच्याकडे ताट ठेवायला जागा नाही तो."

त्यानं सांगितलं. सगळे हसले. मग तिनं आणखी काही विचारलं आणि त्याचं उत्तर जरा लांबलं, आणि कुणी हसलं नाही. गाडीत मी त्याला टोकलं, "काय म्हणालास रे तिला?"

"काही नाही."

"बोल. बिल्ला माझ्याकडे आहे, मी विचारते."

खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ती म्हणाली, जाताना वाईट वाटतं का? मी म्हटलं, त्या पाचवीचा मी हजारदा निरोप घेतला. एकदा तोंडासकट बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं."

एवढंच. मग जेवायला माझ्याकडे उतरले सगळे. माझ्या सुनेनं चूल सांभाळली होती, शेवया चिकट झाल्या होत्या, ते असो. बोरीननं ताट घेतलं आणि नेहमीसारखं भिंतीकडच्या दगडावर ठेवलं.

पिसेत साहेब, आता तुम्ही जरा पाणी प्या.

तो दगड मीच आणला, अकरा वर्षांपूर्वी. दिवसाढवळ्या, बैलगाडीतून, वर गवत टाकून. तुमच्या मजुरांना जेवण पोचवायला मी तेव्हा रोज यायचे. गवतात ओळीनं मांडलेले दगड, पाठी वर करून. त्यातल्या एका पाठीवर नऊचा आकडा होता आणि त्या नऊला पालीसारखी शेपटी होती.

माझा नवरा सारेत त्या पहिल्या उतरवण्याच्या वेळी रंगाचा डबा घेऊन आकडे घालायचा. लाल रंग. नखांत जायचा, भातात उतरायचा, मी शिव्या घालायचे. त्याच्या नऊला कायम शेपटी. मी म्हणायचे, "कशाला नखरे? भिंतीच्या आत जाणार ते, कुणाला दिसणार आहे?" तो म्हणायचा, "म्हणून तर. बाहेरचं देवीचं, आतलं माझं."

पोल पोटच्या काळात त्याला कालव्याच्या कामाला नेला. परत आला नाही. अशी घरं इथं चटईवर बसलेल्या प्रत्येकाची आहेत, त्यामुळे मी त्यावर जास्त बोलणार नाही. फोटो नाही, हाडं नाहीत, अंगातला सदरा नाही. पछुम बेनच्या, पितरांच्या पंधरवड्यात मी सात विहारांत भाताचे गोळे टाकते आणि नाव घेऊन हाक मारते, भन्ते बघतात मला. येतो की नाही, ठाऊक नाही. आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही: त्याचा चेहरा मला आता आठवत नाही. प्रयत्न केला तर माझ्या दिराचा चेहरा येतो. हात तेवढा आठवतो. तो हात त्या शेपटीत होता.

त्याच्या हातचे बाकीचे दगड भिंतीत गेले होते. हा शेवटचा मोकळा होता. पुढे कोरलेलं तोंड कुणाचं आहे हे मी तेव्हा बघितलंही नाही. तोंड भिंतीकडे केलं, पाठ माझ्याकडे. फळीखाली, चुलीकडे बसलं की फक्त मलाच दिसेल असा. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि मग चूल पेटवायचे.

बोरीनला कळलं त्याला आठ वर्षं झाली. त्याचा चमचा पडला म्हणून तो माझ्या बाजूला वाकला. बराच वेळ वाकलेलाच. मी हातातली पळी घट्ट धरली होती, खोटं कशाला बोलू, डोक्यात घातलीही असती. तो वर आला. चमचा पुसला. म्हणाला, "आजी, आणखी थोडं कालवण." बस्स. त्यानंतर तो पाहुण्यांना देवळात सांगत राहिला की दगड सापडला नाही, त्याच आवाजात, आणि दहा मिनिटांनी त्याच दगडावर ताट ठेवून जेवत राहिला. मला कधी विचारलं नाही, कुणाचं अक्षर आहे. मी सांगितलं नाही. आम्ही दोघं कालवणात मीठ किती यावर भांडायचो.

आणि पिसेत साहेब, तुम्ही स्वतः आला होतात, आठवतंय? हातात यादी, घरोघर दगड बघत. बोरीननं पाहुण्यांना त्या भिंतीसमोर रांगेनं बसवलं आणि तुम्हाला म्हणाला, "साहेब, आधी जेवून घ्या, दगड कुठे पळतात?" तुम्ही दोन ताटं जेवलात. दुसरं ताट ठेवायला जागा नव्हती, तर त्यानं आपलं ताट उचलून तुम्हाला जागा करून दिली. तुम्ही त्यावरच जेवलात, साहेब! कालवणाची तारीफ केलीत आणि गेलात.

हसा. मीही हसले होते, तुम्ही वळणावर दिसेनासे झाल्यावर.

आता मला सांगा, एवढं ज्यानं माझ्यासाठी केलं, त्याला जाताना मी काय द्यावं? सचिवबाई म्हणाल्या, रेशमी शेला द्या. शेला घालून तो समुद्रावर काय करणार?

तीन रात्री मी विचार केला. खरं सांगायचं तर विचार केला नाही, रागावले. त्याच्यावर. जायचंय तर मुकाट जावं माणसानं. मग कोरड्या फडक्यानं पुसताना नीट बघितलं. चुलीच्या वाफेनं रंग सुटत चाललाय. नऊचा वरचा गोल गेला, शेपटी राहिलीय. आणखी चार पावसाळे, मग तीही जाईल, आणि मी काळा दगड पुसत बसेन. भिंतीच्या आत वाफ नाही, पाऊस नाही, फडकं नाही. त्यानं तो आकडा आत जायलाच लिहिला होता. मीच त्याला बाहेर धरून ठेवला.

दगड बाहेर आवारात आहे. आंब्याखालच्या बैलगाडीत, केळीच्या पानांखाली. आज सकाळी पुसला. आता मी पुसणार नाही.

पिसेत साहेब, तुमची माणसं उद्या सकाळी बोलवा. शनिवारपर्यंत बसवा, रविवारी याची गाडी आहे. कागद नंतर करा. मला पकडायचं असेल तर तेही नंतर, शनिवारी शेवया करायच्या आहेत. दोन गोष्टी मात्र ऐका. मागच्या आकड्याला साबण लावू नका, नवा रंग देऊ नका, आहे तेवढाच आत जाऊ द्या. आणि आत सरकवण्याआधी मला हाक मारा. मी काही करणार नाही, बघेन आणि बाजूला होईन.

बोरीन, मान वर कर. पाहुण्यांसमोर रडायचं नसतं, एवढंही तुझ्या बिल्ल्यात लिहिलेलं नाही का? शनिवारी संध्याकाळी पूर्वेच्या भिंतीपाशी जा, एकटा, आणि पाचवीचा निरोप घे. या वेळी उत्तर द्यायला तिच्याकडे तोंड असेल. काय म्हणाली ते मला सांगू नकोस. आणि नवीन येणाऱ्या गाईडला सांगून ठेव: दगड सापडला, एवढंच बोलायचं. कुठे, कुणाकडे, ते नाही. विचारलंच तर माझ्याकडे जेवायला पाठव.

अध्यक्ष साहेबांनी माझ्यासारख्या बाईला एवढा वेळ दिला, भन्ते उन्हातून आले, सचिवबाईंनी पहिलं वाक्य शिकवलं, तुम्ही सगळे मांडी न बदलता बसलात, सगळ्यांचे आभार. बोलताना कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. दगडाची माफी मी पिसेत साहेबांकडे मागत नाही. ती त्या पाचवीकडे मागायची आहे, अकरा वर्षं तिला माझी तक्रारही करता आली नाही.

आता उठा, मागे पंगत मांडलीय. शेवया गार झाल्या तर मला बोल लावू नका. आणि बोरीन, तुझं ताट आजपासून मांडीवर घे.