विलायती कुत्र्याची लोकर

एका कुत्र्यापायी माझी नोकरी जाता जाता राहिली, तुमाला खोटं वाटंल. निजामाच्या राज्यात मी जिंतूरला तहसीलदारसाहेबांचा शिपाई होतो. साहेबांनी हैदराबादेहून विलायती शिकारी कुत्रा आणला होता. पाण्यात पडलेलं बदक तोंडात धरून आणायचा, अंगावर वीतभर सोनेरी केस. ऐन उन्हाळ्यात साहेब पंधरा दिवस दौऱ्यावर गेले आन् कुत्रं लय धापा टाकायला लागलं. मला दया आली. गावाबाहेर चारठाण्याचा एक धनगर मेंढरं घेऊन उतरला होता, त्याच्याकडं नेलं. म्हणलं, "काढ समदी लोकर."

तो म्हणला, "नुसतं विंचरा, मालक. आतली मेलेली लव निघंल. वरचे केस ऊन आडवत्यात, ते राहू द्या."

"तू मेंढरं राख. विलायती कुत्रं मला कळतंय."

त्यानं मुकाट्यानं कातरलं. दोनच दिवसांत कुत्र्याची गुलाबी कातडी भाजून सोलायला लागली. मी पळत पुन्हा त्याच धनगराकडं. तो म्हणला, "आमी उन्हात घोंगडी घेतो, त्याला बी देऊ." त्याच्या बायकोनं तेच कातरलेले केस कातून पाठीपुरती घोंगडी विणली.

साहेब आले तवा धनगर घोंगडी नीट बांधून द्यायला बंगल्यावर आलेला होता. घोंगडीतलं कुत्रं बघून गरजले, "इसके बाल कहाँ गए?"

मी धनगराच्या मागं सरकलो. धनगर शांतपणे म्हणला, "कुठं जात्यात, सरकार? त्याच्याच अंगावर हायेत."