टॉवेलाखालचा भाव

आता माझ्या नातीचंच घ्या. बीएस्सी झाली, हापिसात बसंल म्हणून आमी पेढे वाटले. तर ही म्हणती, "आबा, नोकरी नको. मन रमतंय तेच करणार. शेळ्यांचा व्यापार."

"मग पदवी काय शेळीला चारतीस?"

रडत माघारी येईल म्हणून म्याच तिला भूमच्या शेळीबाजारात नेली. तिथं दलाल टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, शेजारच्याला काय, शेळी इकणाऱ्या शेतकऱ्यालाबी खऱ्या भावाचा पत्ता लागत न्हाय. पण तरण्या पोरीचा हात धरायची एकाचीबी छाती होईना. मग हिनं आपला खरेदीचा भाव मोठ्यानं ओरडूनच सांगितला. शेतकरी शेळ्या घेऊन तिच्याकडंच पळाले.

दलाल घामाघूम. "आबा, हिला कुठंतरी नोकरीला चिकटवा की!"

म्या म्हणलं, "चिकटली न्हवं का, तुमच्याच बोकांडी!"