बारा उड्या

नोंग दोदोय : फळीवरून यायला एवढा वेळ लावलास तर माझी होडी उद्याच पोचेल, दाइलिन.

दाइलिन : आले, नोंग. पाय घसरतोय.

नोंग दोदोय : कोरडी ठणठणीत आहे फळी. काल हिच्यावरून माझी म्हातारी डुकराचं पिल्लू कडेवर घेऊन आली.

पापा : चल ना गं. इलोइलोला दहाला निवड सुरू. दीडशे पोरी, आणि व्हॉलीबॉलच्या शाळेत घेणार दोघींना. उशिरा आलेल्यांना दारातूनच परत पाठवतात.

दाइलिन : एक मिनिट, पापा.

नोंग दोदोय : रोहेलियो, तुझी पोरगी डावा पाय उचलतच नाहीये. ओढतेय नुसता.

पापा : घाबरलीय. खेळाआधी होतं तिला तसं.

नोंग दोदोय : मग गुडघ्याच्या पट्ट्यातून पान कसलं डोकावतंय? भीतीचं?

पापा : कसलं पान? दाइलिन, पट्टा खाली कर.

दाइलिन : तिकडे गेल्यावर करते.

पापा : खाली कर म्हणतो ना.

(ती फळीवर उभ्या उभ्याच पट्टा खाली ओढते.)

पापा : केवढा सुजलाय गुडघा! हे कधी झालं?

दाइलिन : लोला आजी रोज एरंडाचं पान शेकून बांधते. मीच तिला शपथ घातली होती, तिच्यावर चिडू नका.

पापा : कधी झालं ते विचारतोय मी.

दाइलिन : नवीन वर्ष लागलं तेव्हा. बाराच्या ठोक्याला.

पापा : फटाक्यांच्या गडबडीत पडलीस?

दाइलिन : उड्या मारल्या ना. उंची वाढायला सगळी पोरं जमिनीवरच मारतात. तुम्ही मला बाकावर चढवलंत. म्हणालात, उंचावरून मारली की जास्त वाढते.

पापा : बारा मारल्यास तू. मी मोजल्यात.

दाइलिन : चौथ्यालाच कळ आली.

पापा : मग थांबायचं होतंस. तोंड शिवलं होतं का?

दाइलिन : तुम्ही मोजत होतात. किती खूश होतात.

नोंग दोदोय : मीही पोरपणी दरवर्षी मारल्या. अजून या होडीच्या छपराला डोकं टेकत नाही माझं.

पापा : नोंग, तुम्ही जरा इंजिनाकडे बघा.

नोंग दोदोय : इंजिन तयार आहे. तुमचंच काही ठरेना.

पापा : हे बघ, पट्टा घट्ट बांध. आजचा दिवस काढ कसाबसा. उद्यापासून महिनाभर झोपून राहा, कोणी उठवणार नाही.

दाइलिन : काढते.

पापा : फार दुखतंय का?

दाइलिन : नाही.

पापा : खरं सांग.

दाइलिन : दुखतंय. पण हरल्यावर होतं तेवढं नाही.

पापा : हरलीस म्हणून कधी हात उगारलाय मी?

दाइलिन : हात नाही उगारत, माझ्याबरोबर जेवत नाही तुम्ही. फिएस्टाच्या जत्रेतला सामना हरलो, तेव्हा तीन दिवस ताट घेऊन मागच्या दारी बसलात. वाटेवरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही आपण म्हणतो, या, जेवायला बसा. मला नाही म्हणालात.

पापा : माझाच राग आला होता मला.

दाइलिन : मला कसं कळणार ते?

नोंग दोदोय : दोर सोडू का धरू? मासळीवाल्या बायका मला शिव्या घालतायत.

पापा : मला वाटायचं, तुला आवडतं खेळायला.

दाइलिन : आवडतंच. लोलाच्या कपड्यांच्या दोरीवरून खेळायचो, तेव्हा बॉल डुकरांच्या खोपटात गेला की जिंकणारीने आणायचा. हसून हसून पोट दुखायचं. आता बॉल पडला की मी आधी तुमच्याकडे बघते.

नोंग दोदोय : रोहेलियो.

पापा : जा तुम्ही, नोंग. फक्त फळी धरून ठेवा, ती मागे येतेय.

दाइलिन : पुढच्या वर्षी चौदाची होईन मी. मग घेत नाहीत.

पापा : ठाऊक आहे.

दाइलिन : तुम्हाला वाईट वाटेल.

पापा : वाटतंयच. खोटं कशाला बोलू? चल, बस पाठीवर. आधी दवाखाना.

दाइलिन : जड झालेय मी.

पापा : म्हणजे उड्या मारून वजनच वाढलं म्हणायचं.

दाइलिन : निवडीनंतर खायला भात आणला होतात, त्याचं काय?

पापा : दवाखान्याच्या पायरीवर बसून खाऊ.

दाइलिन : दोघं?

पापा : डबा एकच आणलाय मी. जवळ बसावं लागेल.