मेथीवरची चिठ्ठी

पण ताई काही खाऊन गेली होती का, काकू? – तुम्हाला नाही विचारत, तुम्हाला काय माहीत असणार – निवडा, निवडा तुम्ही मेथी – मी आपलं सगळ्यांनाच विचारतो. पोलिसांना विचारलं, तर म्हणाले, गाडीचा नंबर सांग. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात म्हणजे उत्तर झालं का? शुभंकरला विचारलं – तो हो, ताईच्या कॉलेजातल्या ग्रुपमधला चष्मेवाला, इथं उभा राहून गिऱ्हाइकांना भाषण द्यायचा – तो रडायलाच लागला. आता रडायचं मी का त्यानं?

हो, आजच लावलंय दुकान. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. आई म्हणाली, अभय, जा, बस जाऊन, घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोस. आणि हडपसरात जागा रिकामी दिसली की दुसरा पाटी घेऊन बसतो, मग हलतोय होय तो? म्हणून आलो. ताईचं तर तुम्हाला माहीतच आहे – प्रत्येक ढिगावर चिठ्ठी. औषध कधी मारलं ती तारीख. बाटलीवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय भाजी विकायची नाही. मी म्हणायचो, मामानं शेतात मेथी थांबवून ठेवली तर ती पिवळी पडते, त्याचं नुकसान तुझा ग्रुप भरणार का? तर म्हणायची, तेच तर मागतोय ना, गाढवा – जो शेतकरी थांबतो त्याला भाव चढा द्या, आणि शाळेतल्या पोरांच्या जेवणाला भाजी लागते ती आधी त्याच्याकडून घ्या. सहावीत शाळा सोडलेल्याला एवढं समजावत बसायची. कोण म्हणजे – मीच की.

त्या दिवशी सुनावणी होती त्यांची, याच मागण्यांवर, सरकारी साहेबांसमोर. सगळ्या पोरांमधून बोलायला ताई. तीन मिनिटं. आठवडाभर आरशासमोर मोबाईलचं घड्याळ लावून बोलत होती, आई म्हणायची, लग्नाला उभी राहिलीस तरी एवढी तयारी करणार नाहीस. आणि पुरावा म्हणून आपल्या दुकानातल्या चिठ्ठ्या नेणार होती, वर्षभराच्या, बुटाच्या खोक्यात. सकाळी इथंच भांडलो आम्ही. कशावरून म्हणजे – असंच. भावंडं भांडतात. तुमची नाही भांडत? – बरं, ऐका. त्यातल्या दोन चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. गवार आली होती, कालच फवारलेली, ताई कॉलेजात – मी तारीख मागची टाकली. दोनदाच. तिनं खोकं उघडलं आणि दिसलं तिला, माझं अक्षर लपतंय थोडंच? ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आता तिथं उभी राहून मी काय सांगू रे?" आणि मी म्हणालो, नको सांगूस, तुला विचारतंय कोण?

गेली. डबा इथंच राहिला, या काट्याशेजारी. मला दिसत होता – तिनं खोकं डिकीत ठेवलं, गाडीला किक मारली, तोवर दिसत होता. ताई, डबा – दोन शब्द. नाही म्हणालो. उलट रागानं उघडला आणि मीच खाल्ला. चपाती आणि दोडक्याची भाजी. चांगली झाली होती. शेवटचा घास तोंडात असताना फोन आला. सिग्नल सुटला आणि ही गाडीवरून खाली, कुणी धडकलं नाही, काही नाही, चक्कर आली असेल म्हणे. असेल म्हणे! उपाशी माणसाला येते ना चक्कर? रस्त्यात एखादा वडापाव खाल्ला असेल का हो तिनं? खोकं पोलिसांनी परत दिलं. माझ्या दोन चिठ्ठ्या तिनं वेगळ्या काढून, वर रबर लावून ठेवल्या होत्या. म्हणजे सांगणार होती. सगळ्यांसमोर खरं सांगणार होती आणि वरून आपलं मागणं मागणार होती. सुनावणी झाली तशीच. तिच्या नावापुढं गैरहजर लिहिलंय.

काय म्हणालात? – हो, मेथीवरच्या चिठ्ठीचं अक्षर तिचंच आहे. म्हणून तर घेताय ना? सकाळपासून चार बायका हेच म्हणाल्या – उत्कर्षाची चिठ्ठी आहे, मग बघायला नको – आणि घेऊन गेल्या. मी पैसे घेतले. गप्प बसलो, काकू. ठेवा ती जुडी. ठेवा म्हणतोय ना! ती चिठ्ठी जुनी आहे, आधीच्या मेथीवरची, तशीच लागलेली होती, मला काढवेना. ही मेथी आजची. मामा म्हणाला, परवाच मारलंय औषध.

पेन आहे का तुमच्याकडे? द्या. धरा जरा हा पुठ्ठा, वाऱ्यानं हलतोय. फवारणी मंगळवारी. विकायची नाही. खाली – अभय. दिसतंय ना नीट? आणि ही ताईची, ही माझ्या खिशात.

झालं. घ्या तुमचं पेन. जा आता, काकू. आज मेथी नाही.