काकूंची सही

ऑपरेशनआधी सिस्टर संमतीचा कागद ठेवून गेल्या. माझ्या शेजारच्या बाकावर काकांनी लगेच पेन काढलं.

“अहो, थांबा. पोट माझं कापणार ना? सही मी करते.”

“कर बाई. ही बघ, फुली मारलीय तिथे.”

“आधी वाचून दाखवा. सगळं.”

“‘चालू असलेली सर्व औषधं मी डॉक्टरांना सांगितली आहेत.’ पुढे...”

“हे खोटं आहे. रक्त पातळ व्हायची गोळी राहिलीय.”

“ती कधीपासून घेतेस?”

“दोन वर्षं. रोज जेवण झालं की, तुमच्यासमोर.”

“मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बोलायचंस की!”

“त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही ‘काही नाही’ म्हणालात, आणि मीही गप्प बसले.”

“आता गं?”

“आता सिस्टरना हाक मारा. त्या आल्या की तुम्ही गप्प बसा.”